कार्यकारिणीत नवीन माणूस हवाय? आधी कपाटातली फाईल काढा

मी आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह झालो तेव्हा कार्यकारिणीत नऊ जण होते. म्हणजे कागदावर नऊ. दोघे वारलेले, एक मुलाकडे बंगळुरूला कायमचे राहायला गेलेले, एक दोन वर्षं सभेला फिरकलेले नव्हते. धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर मात्र नऊच्या नऊ ठणठणीत होते. चेकवर दोघांच्या सह्या लागायच्या. त्यातल्या एकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ग्रंथपालबाईंचा पगार दोन महिने अडकला. त्या दोन महिन्यांत 'आता नवीन माणसं घ्यायलाच हवीत' हे वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकलं. ती घ्यायची कशी, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

नंतर दोनदा ही सगळी कसरत केली. पहिल्यांदा चुकत, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी नीट. वाचनालय, बालवाडी, व्यायामशाळा, वृद्धाश्रम अशी एखादी लहान नोंदणीकृत संस्था महाराष्ट्रात चालवणाऱ्या आणि या कामात नव्या असलेल्यांसाठी हे लिहितोय. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालच्या संस्थेचं गणित वेगळं असतं. तिथे कंपनी सेक्रेटरीला गाठा.

उतारा आणि घटना

माणूस शोधायच्या आधी दोन कागद शोधा. पहिला, परिशिष्ट एकचा उतारा. धर्मादाय कार्यालयात सगळे त्याला 'शेड्यूल वन' म्हणतात. तुमच्या जिल्ह्याच्या सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्त कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळते. त्यावर ज्यांची नावं आहेत तेच सरकारदरबारी तुमचे विश्वस्त. तुम्ही गेली पाच वर्षं खुर्चीवर बसत असाल, पण उताऱ्यावर नाव चढलेलं नसेल तर बँक आणि वकील दोघेही तुम्हाला ते गोड शब्दांत सांगतील.

दुसरा कागद म्हणजे संस्थेची घटना. आमची १९७० च्या दशकातली, सायक्लोस्टाइल केलेली होती आणि तिचं एक पान उलटं शिवलेलं होतं. ती अथपासून इतिपर्यंत वाचलेला माणूस हयात नव्हता. घटनेतून या गोष्टी वहीत उतरवून घ्या: कार्यकारिणीत किमान आणि कमाल किती जण, मुदत किती वर्षांची, उभं राहायला सभासदत्व किती जुनं लागतं, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणसंख्या (कोरम) किती, आणि मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर ती कोण भरणार. या शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. बऱ्याच घटनांत उरलेल्या मुदतीपुरता माणूस घ्यायचा अधिकार कार्यकारिणीला असतो, पण 'बऱ्याच' म्हणजे तुमच्या घटनेत असेलच असं नाही.

आपल्याकडे बहुतेक संस्थांच्या दोन नोंदण्या असतात: एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. जुन्या कागदांवर दुसऱ्या कायद्याच्या नावात 'मुंबई' असतं. कायदा तोच, घाबरू नका. नोंदणी क्रमांकाच्या आधी 'एफ' असेल तर तुम्ही सोसायटी आहात. सभासद आहेत, सर्वसाधारण सभा आहे, आणि सहसा तीच सभा कार्यकारिणी निवडते. नुसत्या ट्रस्ट डीडवर (न्यास स्थापनेच्या दस्तावर) चालणारी संस्था असेल तर सहसा उरलेले विश्वस्तच नवीन विश्वस्त नेमतात. या दोन वाटांची सरमिसळ झाली की पुढचा प्रत्येक कागद चुकतो. डीडमध्ये 'तहहयात विश्वस्त' असा शब्द असेल तर तो वकिलाला मुद्दाम दाखवा, कारण आजीव विश्वस्तांच्या संख्येवर मर्यादा घालणारी दुरुस्ती २०२५ मध्ये आली आहे.

या कागदांसोबत आणखी एक चौकशी करा: याआधीचा एखादा बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज) पडून आहे का? आमचा एक निघाला. दोन कार्यकारिणींपूर्वीचा, तारखांना कोणी न गेल्यामुळे तसाच राहिलेला. मधली कडी निखळलेली असली की पुढची अडते. म्हणून नव्यांना बोलावण्याआधी जुन्याचा निकाल लावायला लागा.

नाव नंतर, काम आधी

आमच्या पहिल्या बैठकीत 'कोणाला घ्यायचं' हा विषय निघाला आणि पाच मिनिटांत सहा नावं आली. एक नगरसेवक, दोन डॉक्टर, एक बिल्डर, एक निवृत्त प्राचार्य आणि एका सदस्याचे जावई. सगळी वजनदार माणसं. त्यांनी करायचं काय, हे कोणी विचारलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की लेटरहेडवर शोभणारं नाव हवं असेल तर मार्गदर्शक म्हणून छापा, वर्धापनदिनाला नारळ द्या, पण कार्यकारिणीतली जागा अडवू नका. सभेला न येणारा मोठा माणूस गणसंख्या बुडवतो, आणि त्याला तसं सांगायची सोयही नसते.

आम्ही मग वहीचं एक पान घेतलं. डाव्या बाजूला गेल्या वर्षभरात झालेली सगळी कामं लिहिली: अनुदानाचा प्रस्ताव, ऑडिटरकडच्या खेपा, पुस्तक खरेदी, गळणारं छप्पर, वीजबिल, कर्मचाऱ्यांचा पगार, वाचक मेळावा. उजव्या बाजूला ती कोणी केली ते लिहिलं. उजवीकडे तीनच नावं आली आणि त्यातलं एक ग्रंथपालबाईंचं होतं. त्या तर कार्यकारिणीत नाहीतच, नोकरीला आहेत.

त्या पानावरून दिसलं की हिशेब कळणारा माणूस हवा, ऑनलाइन अर्ज भरू शकणारा हवा आणि दुपारी मोकळा असणारा हवा, कारण सरकारी कार्यालयं रात्री आठला उघडी नसतात. शिवाय एक गोष्ट इतकी डोळ्यांसमोर होती की दिसतच नव्हती. सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारे बहुतेक पुरुष, पण पुस्तक बदलायला येणाऱ्यांत बायका जास्त. आणि नऊ जणांच्या कार्यकारिणीत एकही बाई नाही.

तुमच्या संस्थेचं असं पान बनवायला एक संध्याकाळ पुरते. ते झाल्याशिवाय नावांची चर्चा सुरूच करू नका.

शोधायचं कुठे

लांब जाऊ नका. आमच्याकडे काउंटरवर सूचना वही असते. बहुतेक संस्थांत ती धूळ खाते. मी मागच्या तीन वर्षांची वही चाळली. एका शिक्षिकेनं पाच वेळा लिहिलं होतं, प्रत्येक वेळी तारीख घालून, मुद्देसूद: बालविभागाचं कपाट बंद असतं, किल्ली कोणाकडे असते ते कळत नाही, शनिवारी मुलं परत जातात. इतक्या चिकाटीनं तक्रार करणाऱ्या माणसाला संस्थेची काळजी असते. आज त्या आमच्या सहकार्यवाह आहेत. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच आहे.

बँकेतून, पोस्टातून, शाळांतून निवृत्त झालेली मंडळी आहेतच, पण निवृत्तांनीच सगळ्या जागा भरू नका. लाभार्थी किंवा त्यांचे पालक, बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या ताई, पुण्या-मुंबईहून परत येऊन गावात घरून काम करणारी तरुण मंडळी, यांना सहसा कोणी विचारलेलंच नसतं. सोसायटी असेल तर अशा लोकांना आधी सभासद करून घ्यावं लागतं, आणि घटनेत 'किमान एक वर्ष सभासद' अशी अट असेल तर शोध एक वर्ष आधीच सुरू करावा लागतो. आम्ही पहिल्या वेळी इथेच अडकलो. माणूस तयार, आम्ही तयार, सभासदत्व चार महिन्यांचं.

काही ठिकाणी सावध राहा. संस्थेला पुस्तकं, बेंच किंवा सिमेंट विकणारा माणूस कार्यकारिणीत नको. नवरा-बायको किंवा सासरा-जावई एकाच वेळी घेण्यात कायद्यापेक्षा लोकलाज आणि देणगीदार आड येतात. सीएसआरचा (सामाजिक जबाबदारीसाठीचा) पैसा देणाऱ्या कंपन्या तर आडनावं बारकाईनं बघतात. सरकारी नोकरीत असलेल्यांना आधी त्यांच्या कार्यालयाची परवानगी विचारायला सांगा. परदेशी देणगीचा परवाना असेल किंवा घ्यायचा असेल, तर आमदार-खासदार आणि पक्षाचे पदाधिकारी यांची नावं वकिलाला विचारल्याशिवाय पुढे नेऊ नका.

आणि अमेरिकेतला भाचा. प्रत्येक संस्थेला एक अमेरिकेतला भाचा असतो. उत्साही असतो, देणगीही देतो, आणि कोणीतरी म्हणतंच, 'त्यालाच घेऊ या विश्वस्त.' विश्वस्त परदेशी स्थायिक झाला, किंवा परवानगीशिवाय सलग सहा महिने देशाबाहेर राहिला, तर त्याच्या जागी दुसरा नेमायला विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४७ खाली कारण मिळतं. त्यापेक्षा भाच्याला सल्लागार करा, महिन्याला एक व्हिडिओ कॉल ठेवा, वेबसाइट त्याच्याकडे द्या.

आधी कामाला लावा

थेट पद देऊ नका. सहा महिने 'निमंत्रित' म्हणून सभेला बोलवा. मत नाही, सही नाही, पण बोलायची मोकळीक. त्या काळात एक ठरावीक काम द्या, ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि थोडा पैसाही आहे. वाचनालयाला हे सोपं जातं. १५ ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, वाचन प्रेरणा दिन असतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. एक दिवस पूर्ण सोपवायचा.

त्या शिक्षिकेला आम्ही वाचन प्रेरणा दिन दिला. खर्चाला दोन हजार रुपये आगाऊ दिले. कार्यक्रम बरा झाला. पाहुणे उशिरा आले, माईक मध्येच बंद पडला. दुसऱ्या दिवशी त्या पाकीट घेऊन आल्या. आत तीनशे चाळीस रुपये परत, सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे टाचलेल्या, आणि चहावाल्यानं पावती दिली नाही म्हणून वहीच्या कागदावर त्याची सही घेतलेली. आमचे जुने खजिनदार ते पाकीट बराच वेळ हातात घेऊन बसले. त्यांनी पंचवीस वर्षांत कार्यकारिणीतल्या कोणाकडूनही असं पाकीट बघितलेलं नव्हतं.

सहा महिन्यांत बाकीचंही कळतं. सभेला वेळेवर येतो का, न पटलेलं तोंडावर बोलतो की बाहेर कट्ट्यावर, 'बघतो' म्हणाला तर खरंच बघतो का. त्यालाही आपल्याबद्दल कळतं, आणि ते तितकंच गरजेचं आहे.

जुन्यांशी बोलणं

कागदांपेक्षा हे अवघड. जागा रिकामी झाल्याशिवाय नवीन कोण बसणार, आणि जागेवर तेच बसलेले असतात ज्यांनी संस्था उभी केली. आमचे संस्थापक-अध्यक्ष, त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, त्यांचं वय तेव्हा ब्याऐंशी. त्यांच्याशी बोलायचं कोणी, यावर चार महिने गेले. अखेर मी आणि खजिनदार त्यांच्या घरी गेलो. फोनवर नाही, सभेत तर नाहीच.

मी बरीच प्रस्तावना केली. ते ऐकत होते. मग म्हणाले, "अरे, मला काढायला आलात की काय?"

खजिनदार पटकन म्हणाले, "अण्णा, काढायला नाही. तुमची सही आता दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला आलोय."

अण्णा हसले, पण राजीनामा त्या दिवशी मिळाला नाही. तीन आठवड्यांनी त्यांनीच निरोप पाठवला. आम्ही तीन गोष्टी कबूल केल्या होत्या. ते सल्लागार मंडळाचे अध्यक्ष राहतील, वर्धापनदिनाच्या पत्रिकेत त्यांचं नाव पहिलं असेल, आणि त्यांची खिडकीजवळची खुर्ची हलणार नाही. तिसरी त्यांची स्वतःची अट होती. ती खुर्ची अजून तिथेच आहे.

व्यवहाराचं इतकंच: राजीनामा लेखी घ्या, तारखेसह, 'वय व प्रकृतीमुळे स्वखुशीने' अशा साध्या शब्दांत. कार्यकारिणीच्या सभेत तो मंजूर करून इतिवृत्तात नोंदवा. वारलेल्या सदस्यांच्या घरून मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागून ठेवा. मागायला संकोच वाटतो, पण दहा वर्षांनी मागायला त्याहून जास्त वाटतो.

विचारायला जाताना

दोघांनी जा, घरी जा, आणि फाईल घेऊन जा. फाईलमध्ये मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, उतारा, घटना, कर्मचाऱ्यांची यादी, बँक खाती, थकलेली बिलं, आणि कुठे काही तक्रार किंवा दावा चालू असेल तर त्याचे कागद असू द्या.

या शेवटच्या कागदांवरून आमचं एकदा तोंड पोळलं आहे. पहिल्या वेळी आम्ही एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना खजिनदार म्हणून आणलं. चोख माणूस. तो पडून असलेला जुना बदल अर्ज त्यांना सांगितला नाही. 'आल्यावर कळेलच' असं म्हणत राहिलो. तिसऱ्या सभेनंतर त्यांना ते धर्मादाय कार्यालयातल्या एका कारकुनाकडून कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंत तर मी तुमच्याबरोबर तारखांना आलो असतो," आणि गेले. गावात अशी गोष्ट लपत नाही. पुढचं वर्षभर हिशेबातला कोणी आमच्याकडे वळला नाही.

म्हणून आता आम्ही असं बोलतो, जवळजवळ याच शब्दांत:

"महिन्याला एक सभा, दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला, दीड तास. शिवाय आठवड्याला दोनेक तास काम. मानधन नाही, प्रवासखर्च पावतीवर. तुमच्याकडे पुस्तक खरेदी आणि अनुदानाचा प्रस्ताव, एवढंच. मुदत पाच वर्षं, पण दोन वर्षांनी जमत नसेल तर मोकळेपणी सांगा. छप्पर गळतंय आणि एका जुन्या अर्जाची तारीख चालू आहे, कागद या फाईलमध्ये आहेत. आठवडाभर ठेवून घ्या, वाचा, घरी बोला, मग कळवा."

जबाबदारीही तिथेच सांगा, पदावर आल्यानंतर नाही. विश्वस्ताला संस्थेची मालमत्ता स्वतःची असल्यासारखी काळजीनं सांभाळावी लागते. संस्थेचे पैसे स्वतःसाठी उसने घेता येत नाहीत. इमारत किंवा जमीन विकायची, गहाण टाकायची, किंवा इमारत अथवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर कलम ३६ आणि ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचं ऑडिट ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवं. गैरकारभार झाला तर कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. हे ऐकून कोणी घाबरत असेल तर त्याला सांगा की महिन्याला जमाखर्च वाचणाऱ्याला आणि न पटलेल्या ठरावाला इतिवृत्तात आपला विरोध लिहून घेणाऱ्याला घाबरायचं फारसं कारण नाही. घाबरायचं ते न वाचता सही करणाऱ्यानं.

समोरच्यानं प्रश्न विचारले तर मनातून खूश व्हा. 'चेकवर सही कोणाची, आणि कोऱ्या चेकवर कोणी आधीच सह्या करून ठेवतं का?' असा प्रश्न एका गृहस्थांनी आम्हाला विचारला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तेव्हा ठेवत होतो. आता नाही.

नकार आला तर धन्यवाद म्हणा आणि विषय तिथेच संपवा. गळ घालून आणलेला माणूस पहिल्या पावसात गळतो.

सभा

माणूस ठरला, आता तो रीतसर निवडून यायला हवा. नोटीस घटनेत म्हटलेल्या दिवसांच्या आधी, म्हटलेल्या पद्धतीनं. आमच्या घटनेत 'पूर्ण पंधरा दिवस' आहेत. आम्ही पहिल्या वेळी सभेच्या तेरा दिवस आधी नोटीस काढली, दिवाळीमुळे. सभेत एका सभासदांनी हरकत घेतली. लोक त्यांच्यावर खवळले, पण त्यांचं बरोबर होतं. सभा पुन्हा घ्यावी लागली, सहा आठवडे गेले. नोटीस पोचल्याचा पुरावा ठेवा: हातोहात दिली तर वहीत सही, पोस्टानं पाठवली तर पावत्या, जावक रजिस्टरला नोंद. घटनेत तशी सोय नसेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या नोटिशीच्या भरवशावर राहू नका. ती जास्तीची आठवण म्हणून टाका.

विषयपत्रिकेत विषय ठळकपणे हवा: 'सन अमुक ते अमुक या कालावधीसाठी कार्यकारी मंडळाची निवड करणे.' आपल्या सगळ्यांची लाडकी ओळ, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय', तिच्याखाली निवडणूक उरकू नका. ऐनवेळी ठराव वाचनालयाची वेळ बदलायचा करावा, विश्वस्त बदलायचा नव्हे. ज्या सभासदाला माहीतच नव्हतं की आज निवड आहे, तो उद्या हरकत घेणार आणि ती टिकणार.

गणसंख्या मोजा आणि आकडा लिहा. 'अर्ध्या तासाने त्याच जागी सभा' ही सवलत घटनेत लिहिलेली असेल तरच आहे, रूढी म्हणून नाही. इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक, मतांची संख्या आणि निवडून आलेल्यांची पूर्ण नावं, आधार कार्डावर आहेत तशी. 'बाळासाहेब' लिहू नका. उताऱ्यावर ते बाळासाहेब म्हणून चढले की बँकेत त्यांना स्वतःला सिद्ध करताना नाकी नऊ येतात. निवडून आलेल्या प्रत्येकाकडून त्याच दिवशी संमतीपत्र घ्या. 'माझी कार्यकारी मंडळावर झालेली निवड मला मान्य आहे', खाली सही, तारीख, पत्ता. नंतर घेऊ म्हटलं की एकजण नेमका गावाला गेलेला असतो.

नव्वद दिवस

निवड झाली की फटाके वाजतात आणि फाईल कपाटात जाते. इथेच सगळं बिघडतं. विश्वस्तांमध्ये झालेला बदल, मग तो निवडणुकीनं असो, राजीनाम्यानं असो की मृत्यूनं, कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच बदल अर्ज किंवा चेंज रिपोर्ट म्हणतात. उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज, सबळ कारण आणि वर खर्च. ते टाळण्यासाठी आमच्याकडे निवडीच्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऐंशीव्या दिवसाला लाल गोल केला जातो.

सोबत साधारण हे लागतं: नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, इतिवृत्ताची प्रत, संमतीपत्रं, राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले, घटनेची आणि उताऱ्याची प्रत, प्रतिज्ञापत्र, नव्यांची ओळखपत्रं. जाणाऱ्या सदस्यांचं 'हरकत नाही' असं पत्र मिळालं तर काम सोपं होतं. हरकत आली तर प्रकरण रीतसर चालतं, साक्षीपुरावे होतात, आणि वर्षंही लागू शकतात. एकाच संस्थेचे दोन गट, दोन वेगवेगळ्या सभा आणि दोन बदल अर्ज, हे दृश्य धर्मादाय कार्यालयाच्या बाकावर तासभर बसलात तर बघायला मिळेल. वकील यातलाच घ्या. जमिनीचे दावे चालवणारा ओळखीचा वकील स्वस्त पडतो असं वाटतं, पण पडत नाही.

बाकीच्या ठिकाणी भराभर: बँकेत सह्यांचा ठराव आणि नव्यांची केवायसी (जुनी सही बंद करायचा ठराव वेगळा लिहा), आयकर पोर्टलवर सही करणाऱ्याचं नाव, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं संकेतस्थळ) पदाधिकाऱ्यांची माहिती, अनुदान देणाऱ्या खात्याला पत्र. परदेशी देणगीची नोंदणी असेल तर तिथल्या मुदती वेगळ्या आणि कडक आहेत, सीएला त्याच आठवड्यात फोन करा.

पहिल्या तीन सभा

नवा माणूस येतो, कोपऱ्यातली खुर्ची घेतो, आणि कोणीतरी म्हणतं, 'तुम्ही नवीन आहात, आधी बघा.' तो बघतो, आणि चौथ्या सभेला येत नाही. पहिल्याच सभेत त्याच्या नावावर एक काम आणि एक तारीख लिहा. कपाटाच्या किल्ल्यांपैकी एक त्याला द्या. पोर्टलचे पासवर्ड टायपिंगवाल्याच्या डायरीत असतील तर ते परत आणून संस्थेच्या वहीत बंद पाकिटात ठेवा. आमचे तिथेच होते. इतिवृत्त लिहायचं काम नव्यांना आलटून पालटून द्या. सभेत काय ठरलं आणि काय नुसतंच बोललं गेलं, हे लिहिणाऱ्यालाच कळतं.

आणि मतभेद झाला तर होऊ द्या. आमच्या सहकार्यवाहबाईंनी दुसऱ्याच सभेत विचारलं की मुदत ठेवीच्या पावत्या कुठे आहेत आणि त्या शेवटच्या कोणी मोजल्या. खोलीत शांतता पसरली. पावत्या अण्णांच्या घरी, देव्हाऱ्याच्या खणात होत्या, पाचच्या पाच, त्यातल्या दोन आठ महिन्यांपूर्वी मुदत संपलेल्या. आता त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत.

आमची मुदत पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपते. निमंत्रित म्हणून दोघांना गणेशोत्सवानंतर बोलावलंय. त्यातल्या एकांनी सूचना वहीत आमच्या पंख्यांबद्दल चार वेळा लिहिलं आहे.